विश्लेषण : ताटावर राजचिन्ह कशासाठी? रशियाच्या कॅथरीनची मानाची पंगत

खान्देशातल्या कोणत्याही घरातली भांड्यांची मांडणी पाहा. पितळी पातेले असो की स्टीलचा डबा, काठाजवळ बारीक टिंबांनी कोरलेले नाव हमखास सापडते. कुणाच्या लग्नात, कुणाकडून आणि कोणत्या तारखेला हे भांडे आले, ते त्यावरून कळते. भांड्यावर नाव घालण्यामागे साधे दोन हेतू असतात. पंगतीला दिलेले भांडे आपल्याकडेच परत यावे आणि देणाऱ्याची आठवण राहावी. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी रशियाच्या सम्राज्ञीने आपल्या ताटांवर तारे, फिती आणि राजपदके रंगवून घेतली, त्यामागे तिसरा हेतू होता. सिंहासनावर आपलाच हक्क आहे, हे जेवायला बसलेल्या प्रत्येकाला दिसावे. ही सम्राज्ञी म्हणजे कॅथरीन दुसरी, इतिहासातली ‘कॅथरीन द ग्रेट’. राजचिन्हांची ती रशियन ताटे आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती समजून घ्यायची तर तिचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

कॅथरीन मुळात रशियन होती का?

नाही. तिचा जन्म १७२९ मध्ये प्रशियातल्या श्टेटिन या बंदराच्या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तिचे नाव होते सोफी. वडील आनहाल्ट-झेर्ब्स्ट या छोट्या जर्मन संस्थानाच्या राजघराण्यातले, पण नोकरी प्रशियाच्या सैन्यात. घराण्याला नाव होते, पैसा बेताचा होता. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने आपला भाचा आणि वारस पीटर याच्यासाठी वधू शोधायला घेतली, तेव्हा नजर या मुलीवर पडली. १७४४ मध्ये चौदा वर्षांची सोफी आईबरोबर रशियात आली. तिने रशियन भाषा शिकायला घेतली, धर्मपंथ बदलला आणि तिचे नाव येकातेरिना झाले. पुढच्या वर्षी लग्न झाले. नवऱ्याशी तिचे कधी पटले नाही. सासरी तिने पुस्तके वाचली, दरबारातली माणसे ओळखली आणि वाट पाहिली.

ज्या वर्षी ही मुलगी रशियात आली, त्याच १७४४ साली सेंट पीटर्सबर्गजवळ नेवा नदीच्या काठी एक कारखाना सुरू झाला. तिथे पोर्सेलीन, म्हणजे अस्सल चिनी मातीची भांडी, बनवायची होती. पुढे या दोघींची, सम्राज्ञीची आणि कारखान्याची, गाठ पक्की बसली.

चिनी मातीला एवढे महत्त्व का होते?

खान्देशात पांढरे सोने म्हटले की कापूस. अठराव्या शतकातल्या युरोपात हेच नाव पोर्सेलीनला होते. पांढरे, टणक, टिचकी मारली की वाजणारे आणि उजेडासमोर धरले तर किंचित पारदर्शक दिसणारे हे भांडे चीनमधून येई. ते कसे बनते, हे युरोपात कुणालाच ठाऊक नव्हते. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राजाने ब्योटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवून ते गुपित शोधून घेतले आणि १७१० मध्ये मायसेनचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर प्रत्येक राजाला आपला कारखाना हवासा झाला.

रशियाने आधी हुंगर नावाचा परदेशी जाणकार आणला. त्याला पगार मिळाला, पण त्याच्याकडून भांडे काही झाले नाही. काम केले ते द्मित्री विनोग्रादोव या तरुण रशियन खाणतज्ज्ञाने. नामवंत शास्त्रज्ञ लोमोनोसोव याचा तो सहाध्यायी. दोघे जर्मनीत एकत्र शिकायला गेले होते. मॉस्कोजवळच्या ग्झेल भागातली माती, गारगोटी आणि इतर खनिजे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, भट्टीचा ताव बदलत त्याने १७४७च्या सुमारास जमेल असे पोर्सेलीन मिळवले. त्याचे फळ विचित्र मिळाले. गुपित बाहेर जाऊ नये आणि दारूच्या नादात तो कामापासून ढळू नये म्हणून त्याच्यावर पहारा बसवला गेला. काही काळ त्याला साखळीनेही बांधून ठेवले. १७५८ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. सुरुवातीच्या लहान भट्ट्यांत फक्त पेले, तपकिरीच्या डब्या अशा बारक्या वस्तू निघत. १७५६ मध्ये मोठी भट्टी झाली, तेव्हा कुठे ताटे निघू लागली. विनोग्रादोवने आपल्या कृती लिहून ठेवल्या होत्या. कॅथरीनला सिंहासनाबरोबर हा कारखाना आणि हे ज्ञान तयार मिळाले.

तिला सत्ता कशी मिळाली?

एलिझाबेथच्या मृत्यूनंतर पीटर तिसरा गादीवर आला आणि सहा महिन्यांत गेला. १७६२च्या उन्हाळ्यात शाही पहाऱ्याच्या पलटणी कॅथरीनच्या बाजूने उठल्या. नवऱ्याने राजत्याग लिहून दिला आणि काही दिवसांतच नजरकैदेत त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस्कोत तिचा राज्याभिषेक झाला. ती पुढे ३४ वर्षे सत्तेवर राहिली. योगायोग असा की साधारण याच काळात, खान्देशाला लागून असलेल्या नर्मदेच्या काठी महेश्वरहून अहिल्यादेवी होळकर राज्य चालवत होत्या. त्यांचा काळ १७६७ ते १७९५. दोघींचा जन्म चार वर्षांच्या अंतराने, मृत्यू एका वर्षाच्या अंतराने. फरक एवढाच की अहिल्यादेवींनी सासऱ्यांचा वारसा चालवला, तर कॅथरीनने नवऱ्याला बाजूला सारून तो घेतला.

म्हणून तिची अडचण मोठी होती. अंगात रशियन राजघराण्याचे रक्त नाही, मुलगा पावेल हयात आहे आणि अनेकांच्या मते खरा हक्क त्याचा आहे. अशा वेळी फक्त सैन्य पुरत नाही. सरदारांना आपल्याशी बांधून घ्यावे लागते आणि ते बांधलेले दिसावेही लागते. युरोपच्या दरबारात हे दाखवायची एक मोठी जागा होती, ती म्हणजे जेवणाचे टेबल.

टेबलावर राजकारण कसे होत असे?

तेव्हाच्या शाही मेजवानीत गरम पदार्थ बहुधा चांदीच्या भांड्यांत येत. शेवटी फळे आणि गोड पदार्थ यायचे, तेव्हा टेबल नव्याने मांडले जाई आणि पोर्सेलीन बाहेर निघे. पाहुणे निवांत बसून समोरचे ताट न्याहाळत. त्यावर काय रंगवले आहे, याला म्हणूनच अर्थ असे.

कॅथरीनने हे लवकर ओळखले. १७६५ मध्ये तिने नेवाकाठच्या कारखान्याची घडी नव्याने बसवून त्याला शाही कारखान्याचे नाव दिले. ताटाच्या तळाशी तिच्या रशियन नावाचे आद्याक्षर आणि रोमन दोनचा आकडा निळ्या रंगात येऊ लागला. १७७२ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने तिला बर्लिनचा एक मोठा सेट भेट दिला. त्यात टेबलाच्या मधोमध ठेवायला पोर्सेलीनचा अख्खा देखावा होता. सिंहासनावर कॅथरीन, भोवती तिला वंदन करणारी प्रजा आणि कैदेतले तुर्क सैनिक. रशिया तेव्हा तुर्कांशी लढत होता. मित्रराजाने ताटांतून पाठवलेली ती शाबासकी होती.

पुढे तिने इंग्लंडच्या वेजवुडकडे ५० माणसांचा सेट मागवला. १७७४ मध्ये ९५२ नग आले. त्यावर इंग्लंडमधल्या वाड्यांची, बागांची, पुलांची १२०० हून अधिक दृश्ये होती आणि प्रत्येक नगावर ढालीच्या आकारात एक हिरवा बेडूक. ज्या राजवाड्यासाठी हा सेट होता, ती जागा बेडकांच्या दलदलीच्या नावाने ओळखली जाई. त्यामुळे बेडूकच त्या वाड्याचे मानचिन्ह ठरला. त्यानंतर फ्रान्सच्या सेव्हरमधून ६० माणसांचा निळा सेट आला. त्याची किंमत तीन लाख लिव्हरच्या वर गेली आणि प्रत्येक ताटावर मुकुटाखाली तिची अद्याक्षरे फुलांनी गुंफलेली होती.

पण बेडकांची ताटे पीटर्सबर्गच्या वाटेवर असताना रशियाच्या पूर्वेला वेगळेच पेटले होते. पुगाचोव नावाच्या कझाकाने आपणच मेलेला पीटर तिसरा आहोत असे जाहीर केले. १७७३ ते १७७५ या काळात हजारो शेतकरी, कझाक आणि खाणकामगार त्याच्यामागे गेले. जमीनदारांचे वाडे जळले. कॅथरीनच्या नवऱ्याचे भूत जणू हक्क सांगायला परत आले होते. सैन्याने बंड मोडले आणि पुगाचोवला मॉस्कोत ठार केले. या काळात सरदारवर्ग तिच्या पाठीशी उभा राहिला. तो पुढेही तसाच राहावा, ही तिची गरज होती.

मानकऱ्यांचे सेट म्हणजे काय?

रशियात शाही बहुमानाच्या पदकांची परंपरा पीटर द ग्रेटने सुरू केली. सेंट अँड्र्यू हा सर्वोच्च बहुमान, त्याखाली सेंट अलेक्झांडर नेव्हस्की. कॅथरीनने त्यात दोन नव्यांची भर घातली. १७६९ मध्ये, तुर्की युद्ध चालू असताना, रणांगणावरच्या पराक्रमासाठी सेंट जॉर्ज. १७८२ मध्ये, राज्याभिषेकाला २० वर्षे झाली त्या दिवशी, राज्यसेवेसाठी सेंट व्लादिमीर. प्रत्येक बहुमानाचा तारा वेगळा आणि फितीचा रंग वेगळा. प्रत्येकाचा एक वार्षिक सण असे. तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे सेंट जॉर्जचा २६ नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूचा ३० नोव्हेंबरला, अलेक्झांडर नेव्हस्कीचा ३० ऑगस्टला आणि व्लादिमीरचा २२ सप्टेंबरला. त्या दिवशी हिवाळी राजवाड्यात त्या बहुमानाच्या मानकऱ्यांना मेजवानी असे.

या पंगतींसाठी कॅथरीनने चार वेगवेगळे सेट बनवून घेतले. १७७७ मध्ये तिने हे काम दिले ते फ्रान्सिस गार्डनर या इंग्रज व्यापाऱ्याला. तो रशियातच स्थायिक झाला होता आणि १७६६ पासून मॉस्कोच्या उत्तरेला व्हेर्बिल्की गावात त्याचा खासगी कारखाना चालू होता. नक्षी चित्रकार गाव्रीइल कोझलोव याची. नमुना म्हणून फ्रेडरिकने दिलेला बर्लिनचा सेट समोर ठेवला होता. आधी सेंट जॉर्जचा ८० माणसांचा सेट झाला. मग १७८० पर्यंत सेंट अँड्र्यू आणि अलेक्झांडर नेव्हस्कीचे. शेवटी १७८३ ते १७८५ मध्ये व्लादिमीरचा सर्वात मोठा, १४० माणसांचा.

मराठीत वाढलेल्या ताटाला आपण पान म्हणतो, मग ते स्टीलचे का असेना. जळगावकडच्या भरिताच्या पंगतीत तर ते खरोखर केळीचेच पान असते. कॅथरीनच्या या सेटमधल्या कित्येक थाळ्या पानाच्याच आकाराच्या आहेत, शिरा आणि देठासकट. त्यांच्याबरोबर विणलेल्या टोपलीसारख्या जाळीच्या परड्या आणि झाकणाचे छोटे पेले. मधोमध बहुमानाचा तारा आणि कडेने हिरव्या पानांच्या वेलीत गुंफलेली त्या बहुमानाची फीत. जॉर्जची नारिंगी-काळी पट्ट्यांची, नेव्हस्कीची लाल, व्लादिमीरची लाल-काळी. अँड्र्यूच्या ताटांवर त्या बहुमानाची साखळी. जेवायला बसलेल्याच्या छातीवर जे होते, तेच त्याच्या ताटात होते. आपल्याकडे ज्याला मानाचे पान म्हणतात, ते इथे अक्षरशः मातीत उतरले होते.

त्यात एक शांत संदेश होता. हा मान जन्माने मिळालेला नाही, सम्राज्ञीने दिलेला आहे. जॉर्ज आणि व्लादिमीर हे बहुमान तिनेच निर्माण केले होते. सिंहासनावरचा तिचा हक्क ज्याला मान्य नाही, त्याला त्या पानावर बसताही येणार नव्हते.

असे ताट बनत कसे असे?

मळलेली माती साच्यात घालून थाळीचा आकार दिला जाई. वाळल्यावर पहिली भाजणी, मग काचेसारखा लेप देऊन साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सियसची भाजणी. या तापमानात माती आकसते आणि कडा जरा जरी असमान असली तरी थाळी वाकडी होते. त्यामुळे बरेच नग भट्टीतच वाया जात. चांगल्या निघालेल्या थाळीवर धातूंच्या क्षारांपासून केलेल्या रंगांनी तारा आणि फीत रंगवत. हे रंग कमी आचेवर, वेगळ्या भट्टीत पक्के करत. काही रंगांना वेगळा ताव लागे, म्हणून एकच थाळी पुन्हा पुन्हा भट्टीत जाई. सोने शेवटी लावत. भट्टीतून ते निस्तेज बाहेर येते. मग अकीकाच्या दगडाने घासून त्याला ओप द्यावा लागतो. सराफ बाजार जवळून पाहिलेल्या जळगावकरांना हे काम नवे वाटणार नाही. शेकडो नगांवर फितीची तीच रुंदी आणि ताऱ्याची तीच टोके यायला हवीत, ही खरी कसोटी होती. बहुमानाच्या चिन्हात चूक चालत नसे.

या पंगतीबाहेर कोण होते?

रशियातली बहुसंख्य माणसे. जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या भूदास शेतकऱ्यांच्या श्रमावर सरदारांची श्रीमंती उभी होती. कॅथरीनने तरुणपणी युरोपातल्या विचारवंतांचे लेखन वाचले होते. व्हॉल्टेअरशी तिचा पत्रव्यवहार होता. न्याय्य कायद्यांसाठी तिने १७६७ मध्ये मोठे मंडळ बोलावले. पण त्याच वर्षी, भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध सम्राज्ञीकडे थेट तक्रार करायची नाही, असा हुकूमही निघाला. १७८५ मध्ये, म्हणजे व्लादिमीरचा सेट पूर्ण झाला त्याच वर्षी, तिने सनद देऊन सरदारांचे विशेष हक्क कायम केले. मर्जीतल्या माणसांना तिने भूदासांसह जमिनी इनाम दिल्या.

तिच्या नावावर मोठी कामे आहेत, हेही तितकेच खरे. मुलींच्या शिक्षणाची संस्था निघाली, आज हर्मिटाज म्हणून प्रसिद्ध असलेला कलासंग्रह सुरू झाला आणि देवी तिने आधी स्वतःला टोचून घेतली. राज्याचा विस्तारही झाला. पोलंडची वाटणी झाली आणि १७८३ मध्ये क्रिमिया ताब्यात आला. क्रिमियाच्या विजयाचे रूपकही पोर्सेलीनमध्ये उतरले. शाही कारखान्याने १७८४ मध्ये ९७३ नगांचा अरबेस्क सेट केला, त्याच्या मधल्या मांडणीत ते होते आणि केंद्रस्थानी खुद्द कॅथरीनची मूर्ती.

तिच्यानंतर या ताटांचे काय झाले?

नोव्हेंबर १७९६ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने कॅथरीन गेली. गादीवर आलेल्या पावेलने आईवरचा राग लपवला नाही. त्याने वडिलांचे अवशेष थडग्यातून काढून त्यांना मरणोत्तर राजमुकुट दिला आणि दोघांना शेजारी शेजारी पुरले. आईने सुरू केलेले जॉर्ज आणि व्लादिमीर हे दोन्ही बहुमान त्याने मान्य केले नाहीत. १८०१ मध्ये त्याचा खून झाला आणि नातू अलेक्झांडरने ते पुन्हा सुरू केले. चारही सेट पुढे एकोणिसाव्या शतकात वापरात राहिले. फुटलेल्या नगांच्या जागी शाही कारखाना तसेच नवे नग करून देई. त्यामुळे आज एखादे ताट दिसायला कॅथरीनच्या काळातले असले तरी प्रत्यक्षात शंभर वर्षांनी लहान असू शकते. तळाची खूण म्हणूनच महत्त्वाची. गार्डनरच्या जुन्या नगांवर त्याच्या नावाचे आद्याक्षर असते. पुढच्या काळात ड्रॅगनला भाल्याने मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज आणि दुतोंडी गरुड हे शिक्के आले. त्याच गार्डनर कारखान्याच्या किटल्या पुढे मध्य आशियात आणि अफगाणिस्तानात घरोघरी पोहोचल्या. १८९२ मध्ये तो कारखाना कुझनेत्सोव या उद्योजकाने विकत घेतला.

१९१७च्या क्रांतीनंतर शाही कारखान्यात न रंगवलेल्या पांढऱ्या ताटांचा साठा सापडला. तळाशी झारची खूण होती. नव्या सरकारने त्यावर रंगाचा ठिपका देऊन ती झाकली आणि वरच्या बाजूला कोयता-हातोडा आणि क्रांतीच्या घोषणा रंगवल्या. ताट तेच, मानचिन्ह बदलले. मानकऱ्यांच्या सेटमधले काही नग सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी विकले. १९३०च्या दशकात अमेरिकी राजदूताची पत्नी मार्जोरी मेरिवेदर पोस्ट यांनी अशा वस्तू घेतल्या आणि आज त्या वॉशिंग्टनच्या हिलवूड संग्रहालयात आहेत. उरलेला ठेवा हर्मिटाजमध्ये आहे.

कारखान्याचे नाव १९२५ मध्ये लोमोनोसोव कारखाना झाले आणि २००५ मध्ये पुन्हा शाही. ज्याने माती आणि भट्टीचे गुपित उलगडले, त्या विनोग्रादोवचे नाव मात्र त्याच्या सहाध्यायाच्या नावासारखे कारखान्याच्या दारावर लागले नाही. आपल्या घरातल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते, घडवणाऱ्या तांबटाचे नसते. कॅथरीनच्या मानाच्या पानांवरही देणारीचेच नाव राहिले.